विहीर बघायला जळगाव जामोद: सासू, सून आणि सरकारी अनुदान

लग्न झाल्यावर लोक महाबळेश्वरला जायचे. कुणी फारच हौशी असला तर आग्र्याला जायचा आणि ताजमहालापुढे उभा राहून फोटो काढायचा. माझा लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास सासूबरोबर झाला आणि आम्ही दोघी बघायला गेलो होतो एक विहीर. तीसुद्धा दुसऱ्याच्या गावची. वर मी पाच महिन्यांची पोटुशी. या ब्लॉगवर मी लेह लिहिलं, हंपी लिहिलं, अंदमानात लाँच लागून कशी उलट्या करत बसले तेही लिहिलं. पण माझा सगळ्यात भारी प्रवास कोणता असं कुणी विचारलं, की मला ही विहीरच आठवते. तेव्हा वाचा.

काळ जुना आहे. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. नवी सून पहिले काही महिने कशी सगळ्यांच्या आधी उठून सडा घालते, तसा सरकारचा उत्साह होता. शेताला बांध घालायला पैसे, विहीर खोदायला पैसे, नाला अडवायला पैसे. त्यातलीच एक योजना होती पिण्याच्या पाण्याच्या विहिरी सुरक्षित करायची, आणि ती आमच्या गावाच्या वाट्याला आली होती.

आमचं गाव सुलतानपूरहून बैलगाडीने तासा-दीड तासावर. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच जागा, ती म्हणजे बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बाया घागरी घेऊन पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, तोंड धुवायच्या, पाय चोळायच्या, गावातल्या प्रत्येक घराची चौकशी करायच्या आणि मग त्याच पाण्यात घागर बुडवायच्या. सरकारचं म्हणणं असं, की पायऱ्या बंद करा, वर कठडा बांधा, चार रहाट बसवा आणि दोराने पाणी ओढा. पैसा सगळा आमचा. गावाने फक्त चैत्र संपायच्या आत ठराव करून द्यायचा, नाहीतर हेच काम बीबी गावाच्या बाजूच्या दुसऱ्या एका गावाला जाणार.

सरकार फुकट काही देत असेल तर गाव हो म्हणेल असं तुम्हाला वाटेल. आमच्या गावच्या बाया नाही म्हणाल्या, आणि त्यांची पुढारी होती माझी सासू.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. सव्वा महिन्याची बाळंतीण पाच सवाष्णींबरोबर पायऱ्या उतरून विहीर पुजते, पाण्याला हात लावते, तेव्हा तिचा विटाळ जातो आणि लेकराला गावचं पाणी लागतं. पायऱ्याच बुजवल्या तर बाळंतीण काय दोराला लटकून जाईल? माझी सून पायरी उतरूनच विहीर पुजेल, असं त्या भर सभेत माझ्या पोटाकडे हात करून म्हणाल्या. मला तिथल्या तिथे जमिनीने गिळावं असं झालं.

कारण मला त्या पायऱ्या बुजवूनच हव्या होत्या. आता नारू हा शब्द तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलाय कोण जाणे. पाण्यातून पोटात जायचा. वर्षभर काही कळायचं नाही आणि मग एक दिवस घोट्याला फोड यायचा. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी तोंड काढायची. ती काडीला गुंडाळायची आणि रोज बोटभर ओढायची. घाई केली, तुटली, की पाय सुजून भोपळा. आदल्या वर्षी ऐन पेरणीत आमच्या ह्यांच्या पायातली तुटली. चोवीस वर्षांचा गडी दोन महिने बाजेवर पडून होता. उठला तेव्हा टाच टेकेना, ती शेवटपर्यंत टेकली नाही. आरोग्यखात्याचा माणूस येऊन सांगून गेला होता, की नारू झालेला पाय पाण्यात बुडला की त्यातून बारीक पिल्लं सुटतात आणि घागरीतून सगळ्यांच्या घरी जातात. आत्याबाई त्याला हसल्या होत्या. मला मात्र एकच दिसत होतं, माझं लेकरूही हेच पाणी पिणार.

मी घरी तोंड उघडलं. बास. पुढचे चार दिवस आत्याबाई माझ्याशी म्हशीमार्फत बोलत होत्या. म्हशीला पेंड घालताना मोठ्यांदा तिलाच सांगायच्या, आजकालच्या पोरी चार बुकं शिकल्या की त्यायले देव लागत नाई. म्हैस बिचारी खात राहायची.

शेवटी कंटाळून ग्रामसेवक म्हणाला, काकू, तिकडे जळगाव जामोदच्या अंगाला एका गावात अशी विहीर करून झाली आहे, एकदा जाऊन पाहा आणि मग बोला. सरकारी भाषेत 'जाऊन पाहा' म्हणजे 'आता गप्प बसा', हे तुम्हाआम्हाला कळतं. आत्याबाईंना कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पाहतो. पाह्यल्याबिगर मी काई बोलत नाई." आमच्याकडे बायासुद्धा जातो, येतो, पाहतो असंच म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये. दोन दिवसांनी त्यांनी गाठोडं बांधलं. सोबतीला पाट्या वाचता येणारी मी. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, येताना शेगावचं दर्शन घ्या एवढंच सांगितलं. बायको विहीर बघायला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, हे त्यांना चारचौघांत सांगायचं नव्हतं.

पहिला दिवस: सुलतानपूर, मेहकर, खामगाव

आता आमच्या शेजारून समृद्धी महामार्ग जातो आणि तुम्ही नागपूरहून निघालात तर डुलकी लागायच्या आत मेहकर येतं. तेव्हा पहाटे बैलगाडी, मग सुलतानपूरला एसटीची वाट पाहणं, मग ती एसटी. खिडकीला काच नव्हती. धुळीने दोघी अशा माखलो की मेहकरला उतरेपर्यंत सासू-सून एकाच रंगाच्या झालो होतो.

आत्याबाईंच्या मांडीवर एक फिरकीचा पितळी तांब्या होता, आमच्या बारवेच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. कशाला म्हणाल तर दोन कामांसाठी. एक, त्या दुसरं पाणी पीत नसत. दोन, त्या गावच्या विहिरीचं पाणी आणि आमचं पाणी त्यांना तोंडाने ताडून बघायचं होतं. वाटेत त्या दर थोड्या वेळाने फिरकी उघडून माझ्यापुढे धरायच्या. मी नको म्हणायची. घसा कोरडा पडला होता, पण घरून निघाल्यापासून मी त्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "काऊन वं, तहान नाई लागली तुले?" मी म्हटलं, मळमळतंय. गर्भारपणाचा हा एक फायदा, काहीही सांगता येतं.

मेहकर स्टँडवर भजी आणि चहा. भज्यांत मिरची इतकी की नंतर खामगावपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी चांगलं बोललो, दुसरं काही सुचतच नव्हतं. जानेफळच्या पुढे रस्त्याकडेला एका पाझर तलावाची पाटी होती. मी वाचून दाखवली. योजनेचं नाव, साहेबाचं नाव, सगळं होतं. पाटीमागे मातीचा मोठा बांध, आणि बांधाच्या आत एक थेंब पाणी नाही, दोन शेळ्या चरत होत्या. आत्याबाईंनी मान बाहेर काढून नीट बघितलं आणि खूश झाल्या. सरकारचं काम असंच, आपण म्हणत होतो तेच खरं, असा तो आनंद होता. उन्हाळ्यात तलाव कोरडाच असणार, पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच तो बांधलाय, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

खामगाव माझं माहेर. रात्रीचा मुक्काम तिथे, म्हणजे फुकट, पण दोन विहिणींचं एकमेकींना आग्रह करणं ऐकत बसण्याची किंमत मोजावी लागली. आईने पुरणपोळी केली होती. आत्याबाई चार खाऊन, मी तर काही खाल्लंच नाही, म्हणाल्या. आईने नळाचं थंडगार पाणी दिलं तर त्यांनी हात जोडले. पाणी कुठून येतं ते दिसत नाही, असलं पाणी आपल्याला चालत नाही, असं म्हणून त्यांनी आपला तांब्या उघडला. आई माझ्याकडे बघत राहिली. ह्यांच्या पायाचं तिला माहीत होतं.

दुसरा दिवस: नांदुरा, जळगाव जामोद आणि ती विहीर

खामगावहून सकाळची गाडी धरा, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. नांदुऱ्यानंतर पूर्णा ओलांडली की मुलूख बदलतो. काळीभोर सपाट जमीन, आणि उत्तरेला सातपुडा हळूहळू वर यायला लागतो. हा खारपाणपट्टा. इथे विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. वाटेत गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला. एक घोट घेतला आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. साखर आणि मीठ दोन्ही एकाच कपात. तुम्ही त्या भागात गेलात तर ताक मागा, त्यात खारटपणा शोभतो. टपरीवर एक बाई बसली होती. ती म्हणाली, गोडं पाणी आणायला आम्ही दुसऱ्या गावाच्या शिवारात जातो. आत्याबाईंनी तिला आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी दिलं. ती बाई डोळे मिटून प्यायली आणि म्हणाली, अमृत हाये बाप्पा. आत्याबाईंची छाती फुगली. मला मात्र त्या बाईची काळजी वाटली.

जळगाव जामोदला त्या दिवशी बाजार होता. सातपुड्यातून उतरलेले लोक, मिरचीचे ढीग, केळीचे घड. केळी घेतली, पोटभर खाल्ली. स्टँडवर चौकशी केली तर भाजी विकून परत चाललेले एक माळी काका त्याच गावचे निघाले. गावाचं नाव सांगत नाही, उगाच त्यांची बदनामी नको. त्यांच्या रिकाम्या गाडीत, वांग्यांच्या वासात, आम्ही निघालो. आत्याबाईंनी विहिरीचं विचारलं. काका गालात हसले. म्हणाले, "सरकारनं पायऱ्या झाकल्या, आमी उघडल्या. पाहा आता तुमीच."

विहीर गावाच्या तोंडाशीच होती. वरून दिसायला झकास. गोल दगडी कठडा, रहाट, सिमेंटवर कोरलेलं योजनेचं नाव. आणि एका बाजूला, जिथे पायऱ्यांचं तोंड भिंत घालून बंद केलं होतं, तिथे माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. भिंत अशी, की बोटाने खरवडली तर वाळू झरझर खाली. सिमेंट कुठे गेलं ते ठेकेदाराला माहीत. काकांनी सांगितलं, की पहिल्यांदा बाळंतिणींना विहीर पुजायला जाता यावं म्हणून चार दगड काढले. मग ज्यांना दोर ओढायचा कंटाळा त्या बाया जायला लागल्या. मग सगळेच. रहाटांवर आता कपडे वाळत होते.

आत्याबाईंचं तोंड असं फुललं, की मला रडू यायचं बाकी होतं. सगळा प्रवास फुकट गेला. आता आत्याबाई गावी जाऊन सांगणार, सरकारने बुजवलं तरी लोक उघडतातच, मग बुजवायचं कशाला. ठराव गेला, अनुदान गेलं, आणि माझं लेकरू आमच्या बारवेचं पाणी पीत मोठं होणार.

आणि योग असा, की त्याच दिवशी एक बाळंतीण विहीर पुजायला आली होती. वाजत नाही, गाजत नाही, नुसत्या पाच-सहा बाया, टोपलीत घुगऱ्या, हळद-कुंकू, पाळण्यातून थेट उचललेलं झोपाळू लेकरू. त्यांना पाचवी सवाष्ण कमी पडत होती. एकीला अचानक बाजूला बसावं लागलं होतं. आत्याबाईंच्या कपाळावरचा रुपयाएवढा कुंकवाचा टिळा बघून बाळंतिणीच्या सासूने त्यांचा हातच धरला. पाहुणी सवाष्ण मिळाली, देवीनेच पाठवली. आत्याबाई लगेच पदर खोचून तयार. पोटुशी बाईने उतरायचं नाही म्हणून मला वरच थांबवलं. मी कठड्यावर हात टेकून खाली बघत उभी राहिले.

वरून सगळं दिसत होतं. बाया एकामागून एक त्या भगदाडातून वाकून आत गेल्या आणि खाली पायऱ्यांवर उतरल्या. बाळंतीण शेवटी, भिंतीला धरत, एक पाय ओढत. विशीतली पोर. शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने तो पाय पाण्यात सोडला. घोट्याला फडकं बांधलेलं होतं, त्यातून काडीचं टोक बाहेर आलेलं. पाय पाण्यात गेला तशी तिने डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला.

आत्याबाईंचा कुंकवाचा हात तिथेच थांबला.

तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता, हे मला नंतर कळलं. नारूच्या पायाची आग पाण्यात बुडवली की थांबते. तेवढ्यात त्या पोरीच्या सासूने, त्या पायापासून हातभर अंतरावर, वाटी बुडवली. रीत अशी, की पुजलेल्या विहिरीच्या पाण्याचा थेंब लेकराच्या ओठाला लावायचा. वाटी लेकराच्या तोंडापर्यंत गेली आणि आत्याबाईंनी तिचं मनगट धरून वाटी उपडी केली.

विहिरीत आवाज घुमतो. सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. पाहुणी म्हणून मान दिला आणि हिने देवीच्या पाण्याचा अपमान केला. आत्याबाईंचा आवाज मात्र चढला नव्हता. मला स्वच्छ ऐकू आला.

"लेकराले हे पाणी नोको देऊ माय. या पाण्यात तिचा पाय हाये."

"पाय तर समद्यायचेच हायेत," ती सासू म्हणाली.

"म्हणूनच म्हणून राह्यली."

पुढचं काय सांगू. आम्हाला त्या गावातून हाकलून द्यायचंच बाकी ठेवलं. कुणीतरी म्हणालं बाई करणी करायला आली असेल. माळी काकांनी आम्हाला घाईने गाडीत चढवलं. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल तर घुगऱ्यांचं. गरम, गूळ घातलेल्या, टोपलीतून वास येत होता, आणि एक दाणासुद्धा मिळाला नाही. मागे वळून बघितलं तर ती बाळंतीण लेकरू घेऊन कठड्याशी उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. तिने पुढे काय केलं, ते लेकरू कसं वाढलं, मला कधीच कळलं नाही. अजून कधी कधी आठवतं.

परतीची गाडी

जळगाव जामोदच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. मग आत्याबाईंनी मांडीवरच्या तांब्याची फिरकी उघडली, आत बघितलं, उठल्या आणि स्टँडमागच्या निंबाच्या बुडाशी सगळं पाणी ओतून टाकलं. परत येऊन बसल्या. रिकामा तांब्या पुन्हा फिरकी लावून मांडीवर.

गाडी पूर्णेच्या पुलावर आली तेव्हा बोलल्या. माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत.

"म्हाया पायातून लय निंगाले नारू. आग झाली का मी बारवेत पाय सोडून बसो. बरं वाटे. सांजलोक बसो." मग रिकाम्या तांब्याची फिरकी आवळली. "म्हाया पोराले म्याच देलं वं ते."

अहो नाही हो आत्याबाई, असं म्हणायला हवं होतं. पण ते खरं होतं आणि त्यांना खोटं चाललं नसतं. मी त्यांचा हात धरला. सासूचा हात मी पहिल्यांदाच धरला होता. खरखरीत, हळदीने पिवळा झालेला. खामगावला त्यांनी आईच्या हातचं नळाचं पाणी दोन तांबे घटाघटा प्यायलं, पाणी कुठून येतं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेगाव राहून गेलं. मी आठवण केली तर म्हणाल्या, देव कुठं पळून नाही जात, चैत्र पळून जाते. ज्यांना शेगाव करायचंच आहे त्यांनी खामगावहून सकाळीच जाऊन यावं आणि कचोरी खावी. मी ती फार वर्षांनी खाल्ली.

घरी

गावसभेत आत्याबाई उठल्या तेव्हा बायांनी पदर सावरून घेतले, आता सरकारची खैर नाही. आत्याबाईंनी सांगितलं, पायऱ्या बुजवा. सरपंचाच्या हातातली तंबाखू खाली पडली. एका म्हातारीने विचारलं, मग बाळंतिणीचं काय, देवीचं काय? आत्याबाई म्हणाल्या, "आजलोक आपून तिच्याकडे खाली जात होतो. आता तिले वर बलावू. मायच हाये आपली, येईन."

मात्र अट एक. चार रहाटांशिवाय एक पाचवा रहाट हवा, पायऱ्या होत्या त्याच बाजूला, आणि त्यावर फक्त पूजेचं पाणी ओढायचं. ओव्हरसियर साहेब म्हणाले, बाई, अंदाजपत्रकात देवीची तरतूद नाही. आत्याबाई म्हणाल्या, मग ठरावही राहू द्या. शेवटी पाचवा रहाट आला. सरकारने तो कोणत्या खात्यात दाखवला ते विचारू नका, देवी तेव्हापासून बहुतेक किरकोळ खर्चात आहे.

काम वैशाखात सुरू झालं आणि आत्याबाई रोज छत्री घेऊन तिथे जाऊन बसायला लागल्या. त्यांनी त्या गावची भिंत बोटाने खरवडून बघितली होती. गवंड्याने माल कालवला की त्या उठून हातात घेऊन बघायच्या. वाळू जास्त वाटली की बाजूला ओतायला लावायच्या. ठेकेदाराचा माणूस त्यांना साहेब म्हणायला लागला, आधी चेष्टेने आणि मग खरोखरच. सरकारी काम वेळेत आणि पक्कं कसं झालं असं मला कुणी विचारतं तेव्हा मी सांगते, छत्रीमुळे.

श्रावणात मला मुलगी झाली. सव्वा महिन्याने मी पाच सवाष्णींबरोबर पाचव्या रहाटापाशी उभी राहिले. दोर मी ओढला, हात भरून आले. घागर वर आली, हळद-कुंकू वाहिलं, घुगऱ्या वाटल्या. मी वाटी बुडवायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात अडवला. आपल्या धुतलेल्या लुगड्याचा पदर चार पदरी घातला, घागरीच्या तोंडाला धरला, पाणी गाळलं आणि मग थेंब लेकराच्या ओठाला लावला. मी म्हटलं, आत्याबाई, आता तर विहीर बंद झाली, आता कशाला गाळायचं?

"काम सरकारचं हाये," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या गावात नारू हळूहळू कमी झाला आणि मग संपला. आता पूर्ण देशातूनच गेला म्हणतात. हा प्रवास तुम्ही आज करणार असाल तर दोन दिवस पुरतात, रस्ते बरे आहेत, उन्हाळा टाळा, खारपाणपट्ट्यात ताक प्या. आमच्या गावी आलात तर बारव बघा. घरोघर नळ आहेत, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. लोकांनी आत प्लास्टिक टाकलंय, आणि ते काढायलाही एक योजना आली आहे, तिची पाटी लागली आहे. चार रहाट कुणी कुणी उचलून नेले. पाचवा आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

हे लिहून झाल्यावर लेकीला वाचायला पाठवलं. ती आता पन्नाशीच्या पुढे आहे, तिला दोन मुलं, पायांवर कुणाच्याही एक डाग नाही. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, "आई, तू हे काय लिहिलंयस? बाबांच्या पायावर तर बैलाने पाय दिला होता ना?"

तेव्हा मला आठवलं. आमची मुलं लहानपणी विचारायची, बाबा असे का चालतात, तेव्हा आत्याबाईच सांगायच्या, बैलाने तुडवला. बाजूला बसलेले आमचे हे मान डोलवायचे, पांढरा बैल होता म्हणायचे, त्याचं नावसुद्धा सांगायचे. आपली आई मरेपर्यंत सांगत राहिले, आणि ती गेल्यावरही त्यांनी कधी बदललं नाही.